मागच्या अंगणातलं अर्थिंग

दि. ४ मार्च

चि. भाऊस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आज घरात आलं ते आधी लिहिते, म्हणजे राहून जाणार नाही. तुमच्याकडचं पार्सल आलं: उशीचे अभ्रे दोन, सासूबाईंसाठी विणलेली टोपी एक, गुडघ्याच्या तेलाची बाटली एक. तिकिटं कमी लावली होती म्हणून पोस्टमनने माझ्याकडून बारा घेतले. पुढच्या वेळी पोस्टात वजन करून मग तिकिटं लावा. विजेचं बिल आलं, चारशे वीस. आणि वायरमनचं कोटेशन आलं. कागद फुकट, आतला आकडा एक्केचाळीस हजार सहाशे. तो कागद मी देवापुढे नेऊन वाचला, कारण सकाळचा उजेड तिथे बरा येतो. वाचून झाल्यावर नमस्कार मात्र मनापासून केला.

वायरमनला बोलावण्याची वेळ का आली ते सांगते. स्वयंपाकघरातल्या बोर्डातून जळक्या रबराचा वास येतो. मिक्सर लावला की बटणाच्या फटीतून निळं काहीतरी चमकतं. त्याहून वाईट म्हणजे बाथरूमच्या नळाला हात लावला की सासूबाईंना मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, वयाने शिरा कमजोर होतात. मीही तेच धरून चालले होते. मग एक दिवस ओल्या हाताने मीच नळ सोडला आणि मलाही मुंग्या आल्या. माझ्या शिरा अजून शाबूत आहेत.

वायरमन आला तो चपलांसकट आत. आदल्या दिवशी धुतलेल्या दारावर त्याच्या पाची बोटांचे काळे ठसे उमटले. कान कोरायला जी काडी काढली, त्याच काडीने त्याने माझ्या बोर्डातली धूळ उकरली. किळस आली, पण घरात दुसरं कोण येणार? याच्याआधी एकाने येऊन नुसतं छताकडे बघितलं आणि चिठ्ठीवर "एकूण तीस" एवढंच लिहून दिलं. तीस कशाचे, त्यात वायर कोणाची, भिंत कोण बुजवणार, काही नाही. ज्याला फोड करून सांगता येत नाही त्याला मी भाजीचेसुद्धा पैसे देत नाही. या चपलावाल्याने निदान फोड दिली आहे. ती अशी: दिवे, पंखे, प्लग मिळून पॉइंट चौतीस, मालासकट आणि मजुरीसकट दर साडेसहाशे. मेन बोर्ड आणि वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच, साडेसहा हजार. भिंती फोडून पाइप घालणं आणि पुन्हा बुजवणं, पाच हजार. किरकोळ, अडीच हजार. नवीन अर्थिंग, साडेपाच हजार.

आता माझं म्हणणं. पॉइंट मी स्वतः फिरून मोजले, एकतीस भरले. याचे तीन कुठून आले? "किरकोळ" म्हणजे काय, हे मला मॅट्रिकपर्यंत कोणी शिकवलं नाही. आणि सर्वांत संताप आला तो अर्थिंगचा. आपल्याकडे अर्थिंग आहे. अकरा वर्षांपूर्वी तूच मागच्या अंगणात खड्डा खणून तांब्याचा पत्रा, कोळसा आणि मीठ घालून दिलंस. उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी घालायला सांगितलंस, ते मी आजवर एक दिवस चुकवलेलं नाही. देवाची पूजा तापात राहिली असेल, खड्ड्याचं पाणी राहिलं नाही. असं असताना हा माणूस आहे तीच वस्तू मला पुन्हा विकतोय. "तुमच्याकडे अर्थिंग नाही," म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या सख्ख्या भावाने घातलंय, तो स्वतः वायरिंगची कंत्राटं घेतो." तर म्हणतो, "भाऊ कोणाचेही असोत काकू, प्लगच्या तिसऱ्या भोकात काही नाही."

पैसे आहेत ते सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला बाजूला काढलेले. लुबाडणूक झाली तर त्या आणखी वर्षभर चाचपडत चालतील. आणि काम केलंच नाही तर त्या नळाला हात लावतील, कारण चाचपडताना हाताला आधी नळच लागतो. म्हणून तुला विचारते. अक्काकडचं, माझ्याकडचं, आपल्या नात्यातल्या घरांचं काम तूच केलंस. तुझ्याइतकं कोणाला कळणार? भाव वाजवी आहे का, आणि काय खोडायचं, ते खुणा करून कळव. कोटेशनची नक्कल सोबत आहे.

यांचा तुला नमस्कार नाही, कारण हे झोपले आहेत.

तुझी,
ताई

—

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आम्ही दोघं हसून हसून दमलो. कान कोरायच्या काडीने बोर्ड तपासणारा माणूस आणि त्याचे एक्केचाळीस हजार. ताई, हा वायरमन नाही, दरोडेखोर आहे, फरक एवढाच की दार वाजवून येतो.

आता ओळीने सांगतो. तुझे एकतीस पॉइंट बरोबर, त्याचे चौतीस चूक. हे लोक दारावरची घंटासुद्धा पॉइंट म्हणून मोजतात, उद्या तुझी जपमाळ मोजतील. दर साडेसहाशे जास्त आहे, पाचशेला रडत करेल. किरकोळ खोड. भिंती फोडायची गरज नाही, माझे पाइप आत आहेत, त्यातूनच नवी वायर ओढता येते. खरं सांगू का, सगळं वायरिंग बदलायचंच कशाला? स्वयंपाकघरातलं एक बटण बदल, वास जाईल. शंभरात काम होतं.

अर्थिंगची ओळ तर आधी खोड. ते एकदा घातलं की जन्माचं असतं. आणि एक गोष्ट ध्यानात ठेव: कोणालाही त्या खड्ड्याला कुदळ लावू देऊ नकोस. एकदा उकरला की मातीचा बंध सुटतो आणि चांगलं चाललेलं अर्थिंग मरतं. मग खरंच नवीन घालावं लागतं. हेच तर त्यांचं धंद्याचं गुपित आहे. तू आपलं पाणी घालत राहा.

सासूबाईंच्या मुंग्या वयाच्याच. तुला आल्या त्या त्यांचं ऐकून आल्या.

त्या माणसाला माझं नाव सांग आणि म्हणावं, भाऊ लाइनीतला आहे, जपून बोला. तीस हजारांत नाचत करेल. नाही केलं तर मी आहेच, पुढेमागे वेळ काढून येईन.

भाऊजींना नमस्कार, उठल्यावर सांग.

तुझा,
भाऊ

—

दि. १९ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून तुझी एकेक ओळ त्याच्यापुढे वाचली. दरोडेखोर तेवढं गाळलं.

तो माझ्या खुर्चीवर एक पाय वर घेऊन बसला होता. टाच अशी फुटलेली की बघवेना. पॉइंटवरून आमची बरीच जुंपली. त्याच्याबरोबर पुन्हा घरभर फिरले. घंटा आणि अंगणातला दिवा हे दोन मी धरलेच नव्हते. ते त्याचे बरोबर निघाले, कारण वायर तिथपर्यंत जाते आणि बटणही वेगळं आहे. तिसरा पॉइंट त्याने माळ्यावर दाखवला, जिथे दिवा कधी नव्हता आणि नको आहे. मी म्हटलं, "हा कोणासाठी, उंदरांसाठी?" तो म्हणाला, "लिहिताना हात पुढे गेला काकू." हात पुढेच जातात यांचे, मागे आलेले मी कधी पाहिले नाहीत. तेहतीसवर मिटवलं. किरकोळ म्हणजे काय असं तीनदा विचारल्यावर त्याने स्वतःच त्याच्यावर काट मारली, यावरून ते काय होतं ते समजलं.

साडेसहाशेचा दर त्याने सोडला नाही. मी पेठेत दोन दुकानांत वायरीच्या गुंडाळीचा भाव विचारून आले होते. गुंडाळी, पाइप, डबी, बटण आणि मजुरी असं जमवलं तर साडेसहाशे फार चढे नाहीत. तुझे पाचशे कुठल्या वायरीने होतात ते कळव. त्याने तुझ्या पाइपातली वायर बोटभर ओढून दाखवली. हातात घेऊन दोनदा वाकवली तर तुटली, आत पांढरी. तो म्हणाला, "हे तांबं नाही, ॲल्युमिनियम आहे." मी म्हटलं, तेव्हा असंच मिळत असेल. त्याने तुटलेला तुकडा माझ्या टेबलावर ठेवला आणि हात पडद्याला पुसले.

मग अर्थिंग. मला वाटलं आता भांडेल. तर त्याने मुकाट्याने ती ओळ खोडली, कागद उलटा केला आणि पाठीमागे लिहिलं: "घरात अर्थिंग चालू स्थितीत आहे असे मालकांनी सांगितले. पुढील जबाबदारी त्यांची." आणि पेन माझ्यापुढे केलं. "एवढी सही द्या. साडेपाच हजार वाचले तुमचे."

तुला माहीत आहे, न बघितलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही. सिलिंडर वजन केल्याशिवाय घेत नाही, म्हणून त्या पोराने आमच्या गल्लीत माझं नाव काटा ठेवलं आहे. देवाला साक्षी ठेवून जे सांगता येत नाही त्याखाली नाव कसं घालायचं? तो म्हणाला, "भावाने घातलंय ना?" मी म्हटलं, "घातलंय." "मग करा की." पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. मी ते डोळ्यांनी बघितलेलं नाही म्हणून. त्या दिवशी तू मला स्वयंपाकघराबाहेर येऊ दिलं नव्हतंस, म्हणालास, चिखल आहे, घसरशील.

आणि आणखी एक झालं आहे. परवा सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या. गिझर चालू होता. त्यांनी नळ धरला आणि हात सुटेना. हे बाहेर दाढी करत होते, त्यांनी कसल्यातरी ओरडण्याचा आवाज ऐकून धावत जाऊन मेन पाडला. सासूबाई बादलीवर कोसळल्या. उजवा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत काळानिळा झाला आहे. त्या म्हणतात, "मला वाटलं कोणीतरी आतून ओढतंय." तेव्हापासून गिझर बंद, पाणी चुलीवर. ही मुंग्यांची गोष्ट राहिलेली नाही, भाऊ, आणि त्यांच्या वयाचीही नाही.

तर मला एवढंच सांग. पत्रा कुठल्या बाजूला आहे आणि किती खोल? सगळं उकरणार नाही. कडेने वीतभर माती बाजूला करून त्याची कड बघेन, पुन्हा बुजवेन, आणि मग निःशंक सही करेन. पाच हजार वाचले तर डोळ्याचं ऑपरेशन याच वर्षी होईल. उलट टपाली लिही.

तुझी,
ताई

—

दि. २४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

घाईत लिहितोय. खणू नकोस. मी इतकं स्पष्ट लिहिलं होतं, तरी तू तेच धरून बसलीस. पत्रा खोल आहे, किती ते आता आठवत नाही, माणूस काय काय लक्षात ठेवणार? कडेने वगैरे काही दिसत नाही. माती हलली की संपलं.

सहीही करू नकोस, खणूही नकोस, त्या माणसाला हाकलून दे. मी पुढच्या महिन्यात येतो आणि सगळं बघतो. ॲल्युमिनियमचं म्हणशील तर तेव्हा सगळे तेच घालत होते.

मला वाईट याचं वाटतं की एका पडद्याला हात पुसणाऱ्या माणसाने कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि माझ्या बहिणीला सख्ख्या भावाच्या कामाची कड बघावीशी वाटली. अक्काकडेही मीच काम केलं. तिथे आई राहते. तिने कधी एक शब्द काढला नाही. तुमच्याच घरात भुतं कशी येतात?

भाऊजींना म्हणावं मध्ये पडू नका. मी येईपर्यंत थांबा.

तुझा,
भाऊ

—

दि. ३० मार्च

भाऊ,

तुझ्या पत्रात सासूबाईंच्या दंडाबद्दल एक अक्षर नाही. मी ते दोनदा वाचलं, मला वाटलं पान चिकटलं असेल.

खणलं. वायरमनने नाही, आम्ही. हे बनियनवर, हातात शेजारून आणलेली कुदळ, आणि मी घमेलं घेऊन. सुरुवात कडेनेच केली, तू दुखावू नयेस म्हणून अगदी खुरप्याने. मग वास आला.

काय वास होता ते तुला लिहून कळायचं नाही. पण कळावं म्हणून लिहिते. मी चांगलं पाणी कधी वाया घालवलं नाही. खड्ड्यात घातलं ते तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, फरशी पुसलेलं. तूच म्हणाला होतास, कसलंही चालेल, ओल हवी. अकरा उन्हाळ्यांची ती घाण तिथे साठून काळी झाली होती. बोटाएवढे किडे वळवळत होते. मी पदर नाकाला लावला. हे मात्र खणत राहिले.

वर जो पाइप दिसतो ना, ज्याच्या तोंडात मी देवाला तीर्थ घालावं तसं पाणी घालत होते, तो हातभर लांबीचा आहे. हातभर खाली तो संपतो. त्याच्या बुडाशी चिंधी कोंबली आहे. वरून जी तार भिंतीत जाताना दिसते ती आत जातच नाही. गिलाव्यात बोटभर खुपसून वर सिमेंट थापलं आहे, हाताने ओढली तर निघून आली. पाइपाखाली फुटकी कौलं, दुधाच्या दोन पिशव्या आणि एक जुनी चप्पल. कोळसा नाही. मीठ नाही. पत्रा नाही. यांनी कंबरेइतकं खणलं, खाली कठीण मुरूम लागला, तिथे कधी कोणाची कुदळ लागलेलीच नव्हती.

हे घाम पुसत वर आले आणि म्हणाले, "तुझ्या भावाने त्या जागी झाड लावलं असतं तर एव्हाना फळं खाल्ली असती." एरवी मी यांना माझ्या माहेरावर बोलू देत नाही. या वेळी बोलू दिलं.

मग मला आठवू नये ते आठवलं. त्या दिवशी तू कोपरापर्यंत मातीने माखून आत आलास. मी तुला गरम पाणी दिलं, साबण दिला, हातांना लावायला तेल दिलं. "फार खोल खणावं लागलं ताई," म्हणालास, आणि मी तुझी पाठ दाबून दिली. हातांना माती तू लावून घेतली होतीस का? मजुराने फसवलं असं लिहू नकोस, मजूर नव्हता, तू एकटा होतास. पैसे कमी पडले असतील तर मागायचे होते. मी काटा असेन, पण भावासाठी कधी वजन केलं नाही.

मला पैसे नकोत. काय घडलं ते लिही.

ताई

—

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुला काय लिहू, हात उचलत नाही. तेव्हा माझं नवीन होतं. तांब्याच्या पत्र्याचे पैसे मी आधीच दुसऱ्या कामात घातले होते, वाटलं होतं महिन्याभरात येऊन बसवून जाईन. मग महिने गेले. तुमच्याकडे सगळं नीट चाललं होतं, दिवे लागत होते, पंखे फिरत होते. अर्थिंग नसलं तरी घर चालतं ताई, निम्म्या गावाचं असंच चालतं. लोक वापरतात आणि काही होत नाही. तुमच्याकडे गिझर जुना झाला म्हणून हे झालं.

सोबत पाच हजारांची मनीऑर्डर करतोय. तुझ्या वायरमनच्या अर्थिंगचे पैसे त्यात येतील, वरचे पाचशे पुढच्या महिन्यात. त्याचा भाव वाजवी आहे, मीच उगाच बोललो. त्याला काम दे.

फक्त एक कर. हे अक्काला आणि आईला कळवू नकोस. आईला सहन होणार नाही. नात्यातली कामं मला यातूनच मिळतात, घरात दोन मुलं शिकतायत, नाव गेलं की सगळं गेलं. आपल्या दोघांत झालं ते दोघांत मिटवू. अक्काकडचं मी बघतो नंतर, सवडीने. त्यांचा गिझर नवाच आहे, इतक्यात काही होणार नाही.

माझ्या मुलांकडे बघून एवढं ऐक.

तुझा अपराधी,
भाऊ

—

दि. १४ एप्रिल

भाऊ,

मनीऑर्डर आली, पाच हजार. सही केली नाही, परत पाठवली. पोस्टमन म्हणाला, "काकू, आलेले पैसे परत करणारं गिऱ्हाईक पहिलंच." मी म्हटलं, वास येतोय त्यांना.

तुझं पत्र वाचताना मला तोवर राग होता, किळस नव्हती. किळस आली ती शेवटून दुसऱ्या ओळीला. "त्यांचा गिझर नवाच आहे, इतक्यात काही होणार नाही." म्हणजे अक्काच्या अंगणातही चप्पल पुरली आहेस. मी तिथलं विचारलंही नव्हतं. तू आपणहून सांगितलंस आणि तुला कळलंसुद्धा नाही की तू काय सांगितलंस. जिथे आपली आई आंघोळ करते तिथे गिझर जुना व्हायची तू वाट बघणार आहेस. सवडीने.

माझ्या घरी केलंस ते मी एक वेळ गिळलं असतं. कोवळं वय, हातात नवा धंदा, पैसे दुसरीकडे गुंतले, ठीक. पण माझं कोटेशन आलं, सासूबाईंच्या मुंग्या मी लिहिल्या, तेव्हा तुला ठाऊक होतं की त्या कसल्या आहेत. तू एकटाच होतास ज्याला ठाऊक होतं. आणि तू लिहिलंस, वयाच्या. लिहिलंस, शंभराचं बटण बदल. त्यानंतर त्या नळाला चिकटल्या. अकरा वर्षांपूर्वीचा खड्डा आणि गेल्या महिन्यातलं पत्र, या दोन्ही गोष्टी तू एकाच हाताने केल्यास, पण दुसरी जास्त घाणेरडी आहे. पहिल्या वेळी तू पैसे खाल्लेस. दुसऱ्या वेळी तू एका म्हातारीला नळापाशी उभं केलंस, तुझं नाव जाऊ नये म्हणून.

इकडचं ऐक. काम सुरू झालं आहे. तेहतीस पॉइंट, बोर्ड, भिंती आणि अर्थिंग मिळून अडतीस हजार साडेचारशेला ठरलं. भाव वाजवी आहे, हे आता मला तुझ्याकडून कळून घ्यायची गरज उरली नाही. वायरमन अजूनही चपलांसकट येतो. कालपासून मी दारात पोतं टाकलं आहे, तो त्याच्यावरून उडी मारून येतो. जेवणाच्या सुट्टीत माझ्या ओट्यावर बूड टेकतो. माणूस म्हणून मला तो आवडत नाही आणि आवडायचा नाही. पण खड्डा त्याने माझ्यादेखत खणला, मला खुर्ची टाकून बसवलं. पत्रा आत घालण्याआधी माझ्या हातात दिला, म्हणाला, "वजन करून घ्या, तुमची सवय ऐकलीय." केलं मी वजन. मग कोळसा, मीठ, पत्रा आणि तार भिंतीतून बोर्डापर्यंत जाताना मी बघत बसले, आणि बघितल्यावर सही केली. सासूबाईंचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर गेलं. त्यांना मी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या भावाला शिव्या देऊ नकोस, तुझंच तोंड विटाळेल." म्हणून देत नाही.

तू म्हणतोस दोघांत मिटवू. हे दोघांचं नाहीच. अक्काला मी काल पत्र टाकलं आहे. त्यात एवढंच लिहिलं: आजपासून गिझर लावू नका, आईला पाणी चुलीवर तापवून द्या, नळाला कोरड्या हातानेसुद्धा शिवू देऊ नका, चांगला वायरमन बघून मागचा खड्डा त्याच्याकडून उकरून घ्या. कारण लिहिलं नाही. लिहिलं की भाऊ सविस्तर कळवील. ती जागा मी तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे, कारण ती तुझीच आहे. आई कितीही खचली तरी तिला तुझ्या अक्षरात कळू दे. मी सांगितलं तर तिला वाटेल की बहीण-भावाचं भांडण आहे, आणि ती तुझी बाजू घेईल.

आणखी ज्या ज्या घरी तू खड्डे खणून दिलेस, त्यांनाही लिही. मामांकडे, तुझ्या सासुरवाडीला, कुठे कुठे ते तुलाच माहीत. कामं जातील. जाऊ देत. तुझी मुलं माझ्याकडे पाठव, इथे शाळा आहे, दोन ताटं मला जड नाहीत. पण त्यांच्या आडून तू बोलू नकोस.

तू येतो म्हणाला होतास. अक्काकडचं होईपर्यंत इकडे येऊ नकोस. माझ्याकडे तुला गरम पाणी मिळणार नाही.

पंधरा दिवस थांबेन. तोवर अक्काचं मला पत्र आलं नाही की भाऊने सगळं कळवलं, तर सोळाव्या दिवशी मी स्वतः गाडीत बसून आईपुढे जाऊन उभी राहीन, आणि खड्ड्यात जे जे निघालं ते एकेक करून सांगेन, चिंधीसकट. देवाला मी रोज विनवते आहे की ती पाळी येऊ नये. त्याने ऐकलं की नाही हे मला तुझ्याकडूनच कळणार. लांबलचक काही नको, माफी नको, हिशेब नको. अक्काला पत्र टाकलंस की नाही, एवढी एकच ओळ कार्डावर लिहून उलट टपाली कळव.

ताई